चार नंबरची पिशवी

"ही माती कुठली, ते आता खरं खरं सांगा," चारुलता म्हणाली. मातीच्या नमुन्यांसाठी शिंदखेड्याहून ती तिसऱ्यांदा आली होती, आणि तिसऱ्यांदाही बेबाबाईने आधी चहाच टाकला होता.

प्रयोगशाळेच्या कागदात न समजण्यासारखं काही नव्हतं. गावच्या तलावाच्या वरच्या अंगाला जुन्या बॅटऱ्या वितळवायची शेड होती, आणि काठच्या दलदलीत जिथे हात घालावा तिथे शिसं निघत होतं. लहान जिवाच्या मेंदूत ते एकदा शिरलं की निघत नाही. तीन नंबरच्या पिशवीत भरपूर, पाच नंबरच्या पिशवीत भरपूर. मधली चार नंबरची, बेबाबाईच्या दारासमोरची, तेवढी धुतल्या तांदळासारखी. नमुना चुकला, म्हणून साहेबांनी चारुलतालाच झापलं होतं. बेबाबाईला तिने एवढंच सांगितलं होतं: सावलीत वाळवा, कुटा, चाळा, अर्धा किलो भरून ठेवा. यात चुकायला काय आहे, देव जाणे.

"चुकनं नही काहीच," बेबाबाई म्हणाली. "तठली माती कमी पडनी, म्हणीसन पिशवी वावरनी मातीनीच भरी दिन्ही. तू अर्धा किलो सांगेल व्हतं ना?"

चारुलताने कपाळावर हात मारला. "कमी कशी पडेल, अक्का? चांगली दोन किलो काढून तुमच्या ओट्यावर ठेवली होती मी."

"रूपानी खादी." बेबाबाई सुनेकडे पाहून हसली. "सातवा महिना शे तिले. मातीना डोहाये. तू सांगं तशी चाळेल, एक खडा नही. तव्यावर भाजीसन दिन्ही, त बठ्ठी खाई गयी."

रूपा लाजली. चारुलताचा राग कुठल्या कुठे गेला. ती रूपाकडे वळली.

"आता तर नाही ना खात?"

"पहिले मन्हा बी जीव भिये," बेबाबाई म्हणाली. "इतक्या लोके माती तपासतस, काय निंघस काय माहीत. मंग तुनाच फोन उना, चार नंबरनी माती एकदम चांगली शे म्हणीसन. तवयपाईन तिले रोज दारसमोरनीच माती देस मी."

चहाशेजारी चुलीवर तवा तापत होता. रूपाने त्यावरचा मातीचा एक खरपूस तुकडा उचलला, त्यावर फुंकर घातली, आणि पाहुणीला सोडून आपण कसं खावं म्हणून आधी चारुलतापुढे धरला.