थापीचे ठोके

डोंबिवली, १९९४. घर विकून आम्ही ठाण्याला जाणार होतो. भाव बांधकाम पाहून ठरणार होता.

"ताई, भिंत पोकळ वाजली तर भाव उतरेल हां," व्हॅल्युअर दामले किल्लीने भिंत ठोकत म्हणाले.

"ठोका की. हे घर बांधताना बाबांनी खाडीची खारी वाळू तीन पाण्यांनी धुतलेली."

बाबा गवंडी होते. जाऊन सहा वर्षं झाली. प्रत्येक विटेला थापीच्या मुठीने दोन ठोके द्यायचे. लहानपणी त्या आवाजावर मला झोप लागायची.

दामल्यांनी 'उत्तम' लिहिलं, किल्ली खिशात टाकली.

भिंतीतून दोन ठोके आले. पुन्हा दोन.

"शेजारी काम चाललंय?"

शेजारी मोकळा प्लॉट होता.

ठोके विटेविटेने दाराकडे सरकले. मग उघड्या दारातच वाजू लागले, उंबऱ्यापासून वर, थरावर थर.