स्पेनमधलं घर

टेरेन्सचा अर्बाब, म्हणजे अरब मालक, ऑफिसात कुणालाही तोंडावर 'नाही' म्हणत नसे. रजा मागितली की हसून 'इन्शाल्ला' म्हणे आणि ती रजा कधीच मिळत नसे. टेरेन्सने ही युक्ती मस्कतच्या रुवी भागातल्या आपल्या घरी आणली.

"माझ्या आईला वसईहून थोडे दिवस इकडे आणू या ना?" बायको, मटिल्डा, दर वर्षी विचारी.

"इन्शाल्ला," म्हणून तो टीव्हीचा आवाज वाढवी.

आई मस्कत न बघताच गेली. तिने मटिल्डाच्या नावावर ठेवलेली वाडी विकून स्पेनमध्ये समुद्राकाठी फ्लॅट घ्यायची टूम मात्र टेरेन्सचीच. "रिटायर झालो की यल्ला, निघालोच! बाल्कनीत पाय पसरून बसणार!" असं तो चर्चबाहेर भेटेल त्याला सांगत सुटला होता.

आज व्यवहार पुरा झाल्याचा एजंटचा मटिल्डाला फोन आला.

"पण माझी सही कशी लागली नाही?" टेरेन्सने विचारलं.

"लागणारच नव्हती," मटिल्डा म्हणाली. "घर माझ्या एकटीच्या नावावर झालंय."

टेरेन्स ताडकन उठला. "अगं, पण मला तिकडे नेशील ना?"

मटिल्डाने रिमोट उचलून टीव्हीचा आवाज वाढवला.

"इन्शाल्ला," ती हसून म्हणाली.