आईंच्या पसंतीचा टायमर

"आई, तुम्हीच निवडा," केतकी म्हणाली आणि मंदाकिनीबाईंना एकदम भरून आलं. ही सून घरात आल्यापासून त्यांना साधी चाळणीसुद्धा निवडू दिली गेली नव्हती.

त्यांनी दुकानदाराला चार-पाच टायमर काढायला लावले. चष्म्याशिवाय दिसावेत म्हणून आकडे मोठे हवेत, ऐकू कमी येतं म्हणून आवाजही मोठा हवा. "ओला हात लागला तर बिघडणार नाही ना?"

"पाण्यात बुडवा हो, काही होत नाही."

त्यांनी निळा घेतला. घरी येईपर्यंत त्या बोलत होत्या, आता दूध उतू जायचं नाही, ढोकळा कच्चा राहायचा नाही. केतकी नुसती हसत होती.

घरी आल्यावर त्यांच्या मुलानं, निनादनं, तो टायमर बाथरूमच्या भिंतीवर चिकटवला. "आई, तुला आंघोळीला फार वेळ लागतो. हा वाजला की बाहेर यायचं."

दुसऱ्या दिवशी त्या डोक्याला शांपू चोळत असतानाच टायमर वाजला. पाठोपाठ कुणीतरी बाहेरचा कॉक फिरवला आणि नळाचं पाणी गेलं. त्यांनी आधी निनादला हाक मारली, मग केतकीला. कुणीच ओ दिली नाही. शेवटी डोळ्यांत उतरलेला फेस टॉवेलनं पुसून, साडी कशीबशी गुंडाळून, त्या चिकट केसांनी बाहेर आल्या.

केतकी दाराशीच उभी होती.

"बघा, जमलं की तुम्हाला!" ती म्हणाली. "उद्यापासून एक मिनिट कमी लावू."