एकोणिसावी टाकी

बाईने गोणपाटातून मोटारसायकलची टाकी काढली, पेंटरच्या टेबलावर ठेवली आणि स्टूल ओढून बसली.

"सगळा रंग काढायचा. पत्र्यापर्यंत."

"दोन दिवसांनी या, ताई."

"नाही. मी बसते इथंच."

पेंटर हसला. गिऱ्हाईक डोक्यावर बसलं की हात चालत नाही, हे त्याचं रोजचं रडगाणं. टाकी वरून लाल होती, जागोजागी पोपडे आलेले. कुठे चेपलीय का बघायला त्याने ती उलटी केली, आणि हसू तोंडातच राहिलं.

टाकीच्या पोटात, जिथे कुणी बघत नाही की पुन्हा रंग मारत नाही तिथे, काळ्या रंगात एक अंगठा उमटलेला होता. त्याचाच. काम संपलं की खालच्या बाजूला ओल्या रंगात अंगठा टेकवायचा, ही त्याची खूण. त्यासाठी हातमोज्याचा अंगठा कापून ठेवलेला असायचा.

टाकी त्याच्याच जुन्या गाडीची होती. अकरा वर्षांपूर्वी ती हिरवी होती. एका वळणावर धप् आवाज झाला, माणूस बाजूला फेकला गेला, आणि हा थांबला नाही. घरी येऊन त्याने हिरव्याची काळी केली. दोन महिन्यांत गाडी विकून टाकली. सगळं झाकलं, आणि शेवटी हाताच्या सवयीने अंगठाही टेकवला.

त्याने रिमूव्हरचा डबा उघडला, ब्रश बुडवला आणि टाकीच्या पोटाकडे नेला.

"खाली नको," बाई म्हणाली. "आधी वरून."

"खालून सुरुवात केली की सोपं जातं."

"अठरा टाक्या सोलून घेतल्यात मी, दादा. खालून कुणीच सुरुवात करत नाही."

त्याने टाकी सुलटी केली. ब्रश फिरवला. लाल रंगाला सुरकुत्या पडल्या, मग तो फुगायला लागला. फुगताना बारीक आवाज येतो, कुणी दाताखाली वाळू चावल्यासारखा. हा आवाज तो रोज ऐकायचा. आज पहिल्यांदा तो ऐकवेना.

लालखाली चंदेरी निघाला. चंदेरीखाली निळा, त्यावर कुणाच्या तरी पोरीच्या नावाचं स्टिकर. बाईने त्या नावाकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

"पुढे," ती म्हणाली.

शेजारचा मिस्त्री हात पुसत डोकावला. "काय रे, टाकी सोलतोयस का कांदा? डोळ्यांत पाणी आलंय तुझ्या."

"रिमूव्हर झोंबतोय."

"वीस वर्षं नाही झोंबला, आजच बरा झोंबला!" मिस्त्री हसला आणि बाईकडे वळला. "अठरा टाक्यांचं काय करता हो ताई? लोणचं घालता का?"

बाई हसली नाही, रागावलीही नाही. "याच मॉडेलच्या असतात सगळ्या. भंगारवाल्यांना सांगून ठेवलंय. आली की फोन करतात." तिने पिशवीतून औषधाची रिकामी डबी काढली. आत कापूस होता. कापसात नखाएवढा रंगाचा टवका. हिरवा, आणि एका कोपऱ्यात पिवळा.

"आमच्या यांच्या घड्याळाच्या पट्ट्यात अडकला होता. ते गेल्यावर पोलिसांनी घड्याळ परत दिलं. हा त्यांना दिसलाच नाही."

मिस्त्रीचं हसू विझलं.

निळा संपला. काळा लागला.

पेंटरने मनाशी ठरवलं, आता पातं असं दाबून मारायचं की काळा आणि हिरवा एकदमच खरवडून निघाला पाहिजे. पत्रा फाटला तरी चालेल. भरपाई देऊ. त्याने पातं लावलं आणि जोर केला.

पण जोर लागलाच नाही. काळा रंग सापाच्या कातीसारखा अख्खा सुटून आला.

त्या रात्री घाई होती. जुना रंग घासल्याशिवाय त्यावर नवा मारायचा नसतो, तो धरत नाही, हे शेंबडं पोरसुद्धा सांगेल. आयुष्यात एकदाच त्याने न घासता रंग मारला होता. हिरव्यावरचं स्टिकरसुद्धा काढलं नव्हतं.

हिरवा रंग जसाच्या तसा होता. काल मारल्यासारखा चकचकीत. त्यावर पिवळा पक्षी, त्याने स्वतःच्या हाताने कापलेला. पक्ष्याच्या एका पंखाचं टोक तेवढं नव्हतं. तिथे खड्ड्यात भरलेली पुट्टी काळ्या रंगाबरोबरच उचकटून आली होती.

"हा पक्षी तर तुझ्या..." मिस्त्री बोलायला गेला. त्याने पेंटरकडे पाहिलं, आणि त्याचं हात पुसणं थांबलं.

बाई उठली. डबीतला टवका बोटाच्या टोकावर घेतला आणि खड्ड्यात ठेवला.

पक्ष्याचा पंख पुरा झाला.

ती बराच वेळ बघत राहिली. मग टवका उचलून पुन्हा कापसात ठेवला, डबीचं झाकण घट्ट लावलं.

"आता उलटी करा."

पेंटरने हात मागे घेतले. तिनेच टाकी फिरवली. काळ्या रंगातल्या अंगठ्याकडे वाकून पाहिलं. पेंटरकडे पाहिलं नाही. तिने मान वर केली.

वर तारेला या आठवड्यातल्या सात टाक्या वाळत टांगलेल्या होत्या, पोटं पुढे करून. प्रत्येकीच्या पोटात एक अंगठा.

पेंटरने मोज्यातून बाहेर आलेला अंगठा मुठीत दाबला.

"बसा, दादा," बाई म्हणाली, आणि तिने आपलं स्टूल त्याच्याकडे सरकवलं.