म्हशीला सांगितलेलं

जावयानं सणाला यावं, पुरणपोळी हाणावी, नवा पटका डोक्याला गुंडाळावा आणि आल्या वाटेनं जावं, ही जगाची रीत. हंबीरराव दिवाळीला आले ते शिमगा तोंडावर आला तरी तानाबाईच्या सोप्यातनं हलले नव्हते. बरं, बसून खायचं तर गप तरी बसावं! पण ह्यांना महाराजांच्या शिकारखान्यात लागायचं होतं. स्वारीबरोबर दाजीपूरच्या रानात राहुट्या ठोकायच्या होत्या. म्हणून कमरेला कोयता, खांद्यावर दोरखंडाचं वेटोळं, गळ्यात चकमकीचा बटवा, अशा थाटात गडी पेठेत पान खायला जायचा. पन्हाळ्यापलीकडचं रान काही त्यानं बघितलं नव्हतं.

तानाबाईच्या जिभेला विळ्याची धार. पण सासूनं जावयाशी समोरासमोर बोलायची सोय नाही. त्यावर तिनं तोड काढली होती. बोलायचं ते परसातल्या म्हशीला बोलायचं. लेकी बोले सुने लागे, तसं.

"चंद्रे, किती खाशील गं? खाऊन खाऊन खुंटा मोडशील एक दिवस!"

चंद्री रवंथ करत राहायची. सोप्यात हंबीरराव हातातली भाकरी हळूच ताटात ठेवायचे.

आज शिकारखान्याचे मौलाली जमादार स्वतः परीक्षा घ्यायला परसात उभे होते. राहुटी उभी करून दाखवायची आणि काडीपेटीला हात न लावता विस्तव करून पाणी उकळायचं. जमलं तर उद्या स्वारीच्या गाड्यांबरोबर रवाना. न जमलं तर? तानाबाईच्या डोळ्यांसमोर पुढची दिवाळी उभी राहिली. तिनं पदर डोक्यावर ओढला, निवडायला तांदळाचं सूप घेतलं आणि मागच्या उंबऱ्यावर येऊन बसली.

हंबीररावांनी राहुटीचं तोंड नेमकं वाऱ्याकडं केलं.

"चंद्रे," तानाबाई सुपात बघून ओरडली, "वाऱ्याकडं त्वांड करून बसलीस तर समदा धूर नाकात जाईल की गं!"

हंबीररावांनी खांब उपटले आणि राहुटी फिरवली. जमादारांनी एकदा उंबऱ्याकडं बघितलं.

मग मेखा. परसात वीतभर मातीखाली निव्वळ मुरूम. तीन बाजूंच्या मेखा कशाबशा शिरल्या, चौथी काही केल्या शिरेना. हंबीररावांनी इकडंतिकडं बघितलं आणि ती दोरी बसलेल्या चंद्रीच्या दाव्यालाच बांधून टाकली. म्हस बसली म्हणजे शिळाच. तानाबाईला ते दिसलं. पण जमादारांना दिसलं नव्हतं, म्हणून तिनं तोंडातला शब्द गिळला.

आता चकमक. गारेवर पोलाद आपटलं, ठिणग्या उडाल्या, कापसावर पडल्या आणि विझल्या. पुन्हा उडाल्या, पुन्हा विझल्या. काल हंबीरराव रंकाळ्यात पोहायला उतरले तेव्हाही बटवा गळ्यातच होता.

"रानात वाघ थांबत न्हाय, पावणं," जमादार म्हणाले.

"चंद्रे, अगं वला कापूस पेटतोय व्हय कुठं? घरात सुका कापूस हाय की!"

तिच्या मनात देव्हाऱ्यातला वातींचा कापूस होता. हंबीरराव घरात पळाले. आतनं टर्रकन आवाज आला आणि पाठोपाठ लेक बनाबाईचा गळा, "आये! नवी गादी फाडली गं!"

"फाडू दे!" तानाबाई म्हणाली आणि सुपातला एक खडा उगीचच लांब भिरकावला.

ह्यावेळी ठिणगी धरली. कापूस धुमसला, वर तुरकाट्या, वर शेण्या. तपेलं चढलं. जमादार खूश होऊन, राहुटीचे खांब हलवून बघायला आत शिरले.

राहुटीचं तोंड फिरवल्यानं त्यासमोरचा विस्तव चंद्रीच्या बाजूला आला होता, आणि वाराही तिकडंच वाहत होता. शेण्यांचा दाट धूर तिच्या नाकात गेला. ती फुरफुरली आणि पुढचे पाय रोवून उठायला लागली. राहुटी एका अंगाला कलली. हंबीरराव दोरी धरायला झेपावले.

सूप टाकून तानाबाई उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा ती म्हशीशी म्हशीसाठीच बोलली.

"बस! खाली बस म्हणते न्हवं! हलू नगंस!"

हंबीरराव होते तिथं, शेणातच, मांडी घालून बसले.

चंद्री काही बसली नाही. खुंट्यासकट, मेखांसकट, सगळी राहुटी ओढत ती उकिरड्यावरनं पाण्याच्या डोणीकडं निघून गेली. मागं उन्हात जमादार उभे. डोक्यावरचा पटकासुद्धा राहुटीबरोबर गेला होता. तपेल्यातलं पाणी मात्र खळखळ उकळत होतं.

जमादारांनी म्हशीकडं बघितलं. मग मांडी घातलेल्या हंबीररावांकडं. मग तानाबाईकडं.

"आक्का," ते सावकाश म्हणाले, "गडी घेतो. हुशार म्हणवणारे लई हायेत माझ्याकडं, पर सांगितल्यालं ऐकणारा एक न्हाय. ह्यो ऐकतोय."

तानाबाईचा जीव भांड्यात पडतो न पडतो तोच जमादार पुढं बोलले, "फकस्त म्हस बी संगं द्या. न्हायतर तिथं रानात ह्याला सांगणार कोण?"

बनाबाई दारात तोंडाला पदर लावून हसायला लागली. हंबीरराव आशेनं चंद्रीकडं बघत होते. चंद्री डोणीत तोंड घालून पाणी पीत होती, आणि राहुटी तिच्या मागं ऊन खात पडली होती.

तानाबाईनं डोक्यावरचा पदर सारखा केला. उंबऱ्यावरनं उतरली, परस ओलांडून आली आणि थेट जावयाच्या तोंडासमोर उभी राहिली.

"जावईबापू," ती म्हणाली, "म्हस न्हाय जायाची. ती दूध देती. तुमी जावा."