इंजिनाची चौकशी

"धीरे मारो! लोहा है, दुश्मन नहीं!" मनोहरराव फोनवर ओरडत होते. "इंजेक्टर अडला की हलका टोला. बॉयलर में पानी अपने आप चढेगा."

पलीकडे परेरा होता. ब्रिटिशांच्या वेळची वाफेची इंजिनं जतन करणाऱ्या कुठल्याशा संस्थेचा माणूस. मनमाड शेडला मनोहररावांनी आधी फायरमन आणि मग ड्रायव्हर म्हणून ज्या इंजिनावर उमेदीची वर्षं घालवली, ते ग्लासगोत घडलेलं धूड दुरुस्त होऊन पुन्हा धावणार होतं. त्याच्या खोडी ठाऊक असलेला दुसरा कुणी उरला नव्हता, म्हणून परेरा दुपारी फोन करी.

सुचित्राला बरं वाटे. एरवी सिंगापुरातल्या बिशानच्या त्या फ्लॅटमध्ये सासरे तोंडच उघडत नसत.

सार्सच्या साथीत तिचा नवरा सारंग सिंगापुरात क्वारंटाइनमध्ये अडकला आणि तिकडे त्याची आई गेली. अग्नी पुतण्यानं दिला. "आता येऊ नकोस," एवढंच मनोहरराव मुलाला म्हणाले होते. वर्षभरात त्यांना हार्ट अटॅक आला, तेव्हा सारंगनं जाऊन त्यांना इथे आणलं. पण बापलेकांचं बोलणं सुचित्रामार्फतच. सारंग चांगी बिझनेस पार्कमधल्या बँकेतून घरी येई आणि हळूच विचारी, "जेवले का ते?" तोवर मनोहररावांनी खोलीचं दार लोटून घेतलेलं असे.

एकदा परेरानं विचारलं असावं, ड्यूटीवरून यायला उशीर झाला की घरी कोण वाट बघायचं.

"मिसेस," मनोहरराव म्हणाले. "भूखी बैठती थी. कितना भी समझाओ."

मग बराच वेळ ते रिसीव्हर कानाशी धरून नुसते उभे राहिले.

"हॅलो? परेरासाब? कोई बात नहीं. आराम से बोलो."

इंजिन पहिल्यांदा पेटेल तेव्हा बाबांना तिथे न्यावं, असं सुचित्राच्या मनात आलं. तिनं नाशिकच्या भावाला, धवलला, चौकशी करायला सांगितलं.

"ताई, असली संस्थाच नाही," धवल म्हणाला. "आणि ते इंजिन केव्हाच भंगारात गेलंय. शेडमधल्या जुन्या माणसांनी सांगितलं. कुणीतरी म्हाताऱ्या माणसाची थट्टा करतंय."

सुचित्रानं फोन ठेवला. सारंगला कळलं तर तो भडकेल. त्याआधी बाबांनाच सांगायला हवं होतं. पण कसं? याच फोनसाठी तर ते हल्ली दाढी करून बसत.

दुसऱ्या दिवशी तिनं त्यांचं पान वाढलं आणि समोर बसली.

"बाबा, तुमचं इंजिन..."

"कापलं," मनोहरराव भात कालवत म्हणाले. "मी होतो ना तिथे. गॅसकटरनं बॉयलर उघडला तेव्हा माझा फायरमन ढसाढसा रडला."

"तुम्हाला ठाऊक होतं? मग हा परेरा कोण?"

मनोहररावांनी जेवण संपवलं, हात धुतले आणि फोनजवळच्या खुर्चीत जाऊन बसले.

"सारंगला यातलं काही बोलू नकोस, पोरी. परेरा झाल्याशिवाय त्याला माझ्याशी बोलता येत नाही."