चोथा नको

अंगणाच्या बेड्याबाहेर, फाटकापलीकडे बैलगाडी जुंपून उभी होती, आणि मालिनी पडवीत बसून सासऱ्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवत होती. दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, जा बाई, बोट चुकेल. पण आत्माराममास्तरांचं सगळंच रीतसर. "आधी आजचं वाचन होऊ दे, मग जाण्याचं बोलू," असं म्हणून ते झोपाळ्यावर बसले ते बसलेच.

पडवीच्या कडेला तिचा भाऊ चारुदत्त तिच्याच ट्रंकेवर बसून चुळबुळत होता. तो तिला रत्नागिरीला न्यायला आला होता. तिथल्या मुलींच्या शाळेत मालिनीला मास्तरणीची जागा मिळत होती. हर्णैहून आज सुटणारी आगबोट पावसाळ्यापूर्वीची शेवटची. ती चुकली की मग थेट नारळी पुनवेनंतर, आणि तोवर शाळा काय हिच्यासाठी फळा पुसून वाट बघत बसणार होती? नवरा भास्कर मुंबईला कारकून. त्याने तिकडून वडिलांवर ढकलून कळवून टाकलं होतं, अण्णा हो म्हणाले तर खुशाल जा. शहाणाच की नाही! स्वतः नामानिराळा.

"मीट पेपर," मास्तर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला.

मालिनीने पेपराची घडी करून त्यांच्या हातात दिली. ही त्यांची शाळेतली जुनी रीत. धडा वाचून झाला की पुस्तक मास्तरांकडे द्यायचं आणि मग सारांश सांगायचा, म्हणजे पोरगं चोरून बघणार नाही. डोळे गेले, पेन्शन झाली, तरी मास्तर अजून घडी मांडीवर दाबून धरत.

"हं, सांग. नारळ पिळलास की चोथा टाकतेस ना? तसा टाक. मला रस दे."

"म्युनिसिपालटीत रस्त्यावरच्या दिव्यांवरून दोन तास भांडले, मामंजी. शेवटी अंधार होता तसा ठेवून सगळे घरी गेले."

मास्तर खदखदून हसले. "वा गो वा! दोन रकाने मजकूर होता की!"

"मास्तर, निघायला हवं," चारुदत्त म्हणाला. "बोट काही आपल्यासाठी थांबायची नाही."

मग मास्तर जाण्याचं बोलू लागले. आणि मास्तर बोलू लागले म्हणजे, देवा रे! घराण्याचं बोलले. गाव काय म्हणेल ते बोलले. बोटीवर बायकांना कसं गरगरतं ते, परगावचं पाणी कसं बाधतं ते, माळ्यावरच्या अढीतले आंबे कोण निवडणार ते, भास्कर गणपतीला आला तर त्याला घर कसं ओकंबोकं वाटेल ते. जेवणाचं तेवढं त्यांना काढता येईना, कारण शेजारच्या सोनूकाकूंनी दोन्ही वेळचं रांधून द्यायचं कबूल केलं होतं. सोनूकाकूंना अक्षरओळख नव्हती, पण भात शिजवायला ती लागते कुठे?

बाहेर बैल मान हलवत होते, घुंगरं वाजत होती. मालिनीला वाटलं, आता ओरडावं. पण ओरडायचं कसं या माणसावर? लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा तिच्या हातात पाटी दिली ती यांनीच. सगळ्या भाऊबंदांशी भांडून तिला व्हर्नाक्युलर फायनलच्या परीक्षेला बसवलं तेही यांनीच. वाईट सासरा असता तर बरं झालं असतं, असं तिच्या मनात आलं आणि तिची तिलाच लाज वाटली.

बोलून बोलून मास्तरांचा घसा सुकला. ते थांबले. मग जन्मभराच्या सवयीने म्हणाले, "काय समजलीस? सांग बघू."

"माझ्या शब्दांत सांगू?"

"मग काय माझ्या? माझे आहेत माझ्यापाशी."

"मी गेले तर वाचून कोण दाखवील, याची तुम्हांला भीती वाटते, मामंजी. बाकी सगळा चोथा."

झोपाळ्याच्या कड्या करकरायच्या थांबल्या. चारुदत्तने जीभ चावली. सासऱ्याला असं तोंडावर! मालिनी मास्तरांच्या तोंडाकडे बघत राहिली. रागावतील, हाकलून देतील, काय वाटेल ते करोत, पण काहीतरी बोलू देत.

"बरोबर," मास्तर म्हणाले. "यातला एक शब्द काढता यायचा नाही. उभ्या नोकरीत इतका नेमका सारांश मला कुणी दिला नाही, मुली."

चारुदत्त टुणकन उठला. त्याने ट्रंक खांद्यावर घेतली आणि "रामा, गाडी वळव रे!" म्हणून बाहेर गाडीवानाला हाक दिली. मालिनी पदर सावरून नमस्काराला उठली.

"पुढलं पान राहिलंय गो," मास्तर हळूच म्हणाले.

त्यांनी पेपराची घडी तिच्यासाठी पुढे धरली. अंदाज चुकला. ती उभी होती तिथे नाही, हात भलतीकडे, खांबाकडे गेला आणि तसाच राहिला. पेपर कुणी घेईना.

मालिनी खांबापाशी गेली, तिने पेपर घेतला आणि पुढलं पान उघडलं.